सपाट रेघ आणि माहेरच्या खुणा

नोव्हेंबर २००१, गुरुवार, सकाळी साडेदहा. हजर: डॉक्टरबाई, महिन्यातून एकदा पुण्याहून येणारे संख्याशास्त्राचे सर, आंबेगाव तालुक्यात मोपेडवरून फिरणारे आमचे कार्यकर्ते, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, आणि नोंदी सांभाळणारी मी. गैरहजर: कोणी नाही.

बैठकीच्या कागदावर मी एवढंच लिहिलं. जिच्यामुळे ती बैठक मला आजही तशीच्या तशी आठवते, ती त्या खोलीत नव्हती. ती माझ्या घरी, मागच्या खोलीत, उजव्या कुशीवर पडून होती. माझी थोरली बहीण. तिला मी अक्का म्हणते.

आधी बैठक कशाची, ते सांगते. जुन्नरच्या रस्त्यावर आमचं छोटं रुग्णालय होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून तिथे स्तनातल्या गाठीची ऑपरेशनं व्हायची. सर्जन पुण्याहून यायचे. बाई घरी गेली की आमचं काम संपत नसे. ती पुढे कशी आहे, हे दर तीन महिन्यांनी तिच्या दारात जाऊन विचारायचं. आंबेगावची गावं भाऊंकडे, जुन्नरची माझ्याकडे. जमलेल्या उत्तरांतून मी आलेख कागदावर एक रेघ काढायची. डावीकडे ती सगळ्यात वर असायची, कारण ऑपरेशनच्या दिवशी सगळ्या बाया जिवंत. उजवीकडे महिने सरकत जायचे. एखादी वारली की रेघ एक पायरी उतरायची. कोणी वारलं नाही तोवर सपाट चालायची. आणि जी बाई आम्हाला शेवटची जिवंत भेटली पण नंतर गाव सोडून गेली, तिच्यासाठी रेघेवर एक बारीक उभी खूण. खुणेचा अर्थ, इथपर्यंत ती होती, पुढचं माहीत नाही. तिथून पुढच्या हिशेबात तिला धरायचं नाही.

रेघ काढणं सोपं होतं. सरांनी मला त्यापुढचं शिकवलं. ते म्हणायचे, "रेघ हा अंदाज आहे. अंदाज एकटा उभा करू नका. तो वर-खाली किती चुकू शकतो, तेही शेजारी काढा." मग प्रत्येक पायरीला किती वारल्या, त्याआधी हाताशी किती होत्या, नंतर किती उरल्या, यावरून एक छोटा अपूर्णांक काढायचा, पायरीगणिक तो बेरजेत टाकत जायचा, पुढे वर्गमूळ आणि गुणाकार. हे सगळं मी कॅल्क्युलेटरवर करायची आणि रेघेच्या वर एक, खाली एक अशी ठिपक्यांची ओळ काढायची. मधला पट्टा म्हणजे आमच्या अज्ञानाची रुंदी. मला हे काम आवडायचं. मी मुळात भित्री आहे, आणि भीतीला माप लावलं की ती जरा गप्प बसते, असा माझा तेव्हा समज होता.

भाऊंना तो पट्टा बिलकूल पटत नसे. "सर, येवढं लांब कुंपन घातलं तुमी," ते म्हणायचे, "मंग ह्यात शेत कुनाचं, त्ये तरी सांगा!"

"शेत कोणाचं ते नाही सांगता येत, भाऊ. पण शेत कुंपणाच्या आत आहे, एवढं बहुतेक वेळा बरोबर असतं."

"बहुतेक म्हन्जी?"

"म्हणजे नेहमी नाही."

"मंग झालं की! आमी बी तेच म्हन्तो."

डॉक्टरबाईंनी त्यांच्या तपासणीच्या खोलीत या आलेखाची स्वच्छ प्रत भिंतीला लावली होती. ठिपके गाळून, नुसती रेघ. "बाई आधीच घाबरलेली असते," त्या म्हणायच्या, "तिला एक रेघ पुरे." ती रेघ दोन वर्षांपर्यंत पायऱ्या उतरत यायची आणि तिथून पुढे कागदाच्या कडेपर्यंत सपाट. डॉक्टरबाई त्या वळणावर बोट ठेवून प्रत्येकीला सांगायच्या, "इथपर्यंत नीट आलीस की पुढे काळजी नाही."

अक्काचं ऑपरेशन १९९९च्या दिवाळीआधी झालं. घरी जायच्या दिवशी तिने भिंतीपाशी जाऊन त्या वळणाला स्वतःचं बोट लावलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही हात धरून तिथे नेलं. ती डोंगराकडची, घोडेगावच्याही वरची. दोघींचं ऑपरेशन एकाच दिवशी झालेलं. "आपन दोघी हितं भेटायचं बघ," अक्का तिला म्हणाली, "ह्या सपाटीला."

आता त्या गुरुवारच्या दोन दिवस आधीचं. मी संध्याकाळी कामावरून आले तर अक्का ओट्यावर बसलेली. शेजारी कापडी पिशवी. तिचं सासर पारगावकडचं, उसाची मोठी शेती. नोव्हेंबरात कारखाना सुरू झालेला, तोड चालू, घरात माणसांचा राबता. अशा दिवसांत त्या घरची थोरली सून माहेरी येत नाही. आईने काही विचारलं नाही, भाकरीला पीठ घेतलं. मी विचारलं.

"काय गं, एकदम?"

"एकदम काय? माझ्या आयचं घर हाय. तुझी परवानगी घेऊ का, साहेबीनबाई?"

"तोड चालू असताना सासूबाईंनी सोडलं?"

"त्यांनीच सांगितलं, जाऊन ये चार दिस. दमलेय मी, बाकी काय न्हाय."

जेवताना ती डाव्या हाताने ताट धरत नव्हती. पदर खांद्यावरून दोनदा लपेटलेला. माझं लक्ष गेलेलं बघून म्हणाली, "दोन वर्सं झाली मला. सपाटीला आलेय मी. उगा डोळं वटारू नको." दुसऱ्या दिवशी मी तिला रुग्णालयात चल म्हटलं. ती नाही म्हणाली. परत म्हटलं, तर तोंड भिंतीकडे केलं.

गुरुवारची बैठक नेहमीसारखी सुरू झाली. भाऊ एकेक गाव घेत होते, मी पेन्सिलीने टिपत होते. एके ठिकाणी ते थांबले. चष्मा काढून पुसला.

"पारगावकडची ही," ते म्हणाले. "सासू म्हन्ली, म्हायेरी गेलीया. कधी येनार ते ठाव न्हाय." मग माझ्याकडे बघून हळूच, "तुमचीच हाय, ताई. पन रीत ती रीत. सासरचं घर माझ्याकडं, आन तिथं ती न्हाय. काय लिवू?"

डॉक्टरबाई दुसरा कागद वाचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गावात नाही ना? मग खूण करा."

माझी पेन्सिल सपाट रेघेवर, दोन वर्षांच्या जरा पुढे, टेकलेली होती. नियमाने तिथे खूण करायची. मी आजवर तिथे कितीतरी खुणा केल्या होत्या. मी पेन्सिल खाली ठेवली.

"अक्का माझ्या घरी आहे," मी म्हटलं. "मागच्या खोलीत. खूण कशी करू?"

डॉक्टरबाईंनी कागद खाली ठेवला. सर म्हणाले, "मग त्या नजरेआड नाहीतच. बऱ्या आहेत ना?"

"माहीत नाही. दाखवत नाही."

मग सरांनी आलेख स्वतःकडे ओढला आणि सपाट भागावरच्या खुणांवरून बोट फिरवलं. "इथे बऱ्याच खुणा आहेत. कारणं लिहिलेली असतील तर वाचा."

मी वाचायला लागले. एकीच्या नवऱ्याची बदली झालेली. एक मुलाकडे मुंबईला गेलेली. त्यानंतर, माहेरी गेली. माहेरी गेली. माहेरी गेली. पुढचीही तेच. इतके महिने ही कारणं मीच सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली होती, पण एकापाठोपाठ एक कधी वाचली नव्हती.

"आमच्याकडे पुण्यात..." सर म्हणाले आणि थांबले. "बाई माहेरी कधी जाते?"

भाऊ टेबलाकडे बघत होते. उत्तर आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "सणाला. बाळंतपणाला. आणि सासरी अंथरुणाला खिळायची वेळ आली की." मग त्या पुढे म्हणाल्या, "माझी आत्याही तशीच आली होती आमच्याकडे."

सरांनी मग जे सांगितलं, ते मी त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवलं आहे. "खूण करताना आपण एक अट धरून चालतो, की गेलेल्या बायांचं पुढे राहिलेल्यांसारखंच होईल. नवऱ्याच्या बदलीला ती अट चालते. बाई झेपेना म्हणून गेली असेल, तर नाही चालत. मग ही सपाटी खरी नाही. ज्या उतरणार होत्या, त्या उतरायच्या आधीच आपण बाजूला काढल्या."

"पण पट्टा?" मी विचारलं. माझी सगळी भिस्त त्यावर होती. "पट्ट्यात हे धरलेलंच असेल ना? तो चूक दाखवण्यासाठीच आहे."

"पट्टा नीट बघा. शेवटच्या पायरीनंतर तो रुंद झालाय का?"

मी बघितलं. नव्हता झाला. ठिपक्यांच्या दोन्ही ओळी रेघेसोबत सरळ गेल्या होत्या, रुळांसारख्या. मीच काढलेल्या, आणि मला कधी खटकलं नव्हतं.

"या रीतीने पट्टा फक्त मृत्यूच्या पायरीला रुंद होतो," सर म्हणाले. "माणसं गळाली म्हणून होत नाही. इथे टोकाला पाच-सहाच जणी हाताशी आहेत, पण पट्टा अजून जुन्याच रुंदीने चाललाय. हाताशी किती उरल्या त्यावरून पट्टा काढायची दुसरी रीत आहे, ती टोकाला जास्त रुंद येते. ती मी शिकवीन. पण अट मोडली असेल, तर तीही पुरी पडणार नाही. माणसं थोडी असल्यामुळे होणारी चूक पट्टा मोजतो. चुकीची माणसं गेल्यामुळे होणारी चूक त्याच्या गावीच नसते."

मग त्यांनी मला त्याच कागदावर दुसरी रेघ काढायला लावली. सगळ्यात वाईट धरायचं: माहेरी गेलेली प्रत्येक बाई, ज्या दिवशी गेली त्या दिवशीच वारली असं समजून पायरी उतरवायची. मी उतरवत गेले. टोकाला हाताशी थोड्याच जणी, म्हणून तिथली एकेक पायरी खोल होती. सपाटी राहिलीच नाही. नवी रेघ ठिपक्यांच्या खालच्या ओळीला टेकली, ती ओलांडली आणि बाहेर पडली. मी भाऊंकडे बघितलं. कुंपणाबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

"हे सगळ्यात वाईट झालं," सर म्हणाले. "खरं या दोन रेघांच्या मध्ये कुठेतरी आहे. कुठे, ते इथे बसून कळणार नाही. माहेरं शोधावी लागतील."

अक्कापुरती खूण मी केली नाही. जागा मोकळी ठेवली आणि दुपारच्या एसटीने घरी आले. वाटेत कामांची यादी मनात लावत होते, कारण यादी लावली नाही तर मला काहीच करता येत नाही. पहिलं काम, अक्काशी बोलायचं. दुसरं सुचलंच नाही.

आई अंगणात होती. मी मागच्या खोलीत गेले आणि अक्काच्या पायाशी बसले.

"अक्का, ती सपाट रेघ खरी नाही."

"म्हन्जी? डाक्टरीन खोटं बोलती व्हय?"

"खोटं नाही बोलल्या. त्यांनाही ठाऊक नव्हतं." मग मी तिला खुणांचं सांगितलं. कोणाच्या, कशामुळे. ती ऐकत होती, छताकडे बघत.

"आन माझ्या शेजारच्या खाटंवरची?" ती म्हणाली. "ती डोंगराकडची? ती तर सपाटीला असंल."

मला खोटं बोलता आलं असतं. "तिचीही खूणच आहे. सासरचे म्हणाले, माहेरी गेली."

अक्का उठून बसली. "म्हायेरी? अगं, तिचं म्हायेर धरनाखाली गेलंय! तिनंच सांगितलं व्हतं मला. गाव बुडालं, मानसं कुटं कुटं पांगली. आमी दोघी हसलो बी व्हतो, का तुला बरंय, रुसून जायला जागाच न्हाय."

बाहेर आई बादली घासत होती, तेवढाच आवाज.

"मला भ्या घालू नको तू," अक्का म्हणाली.

"मी घालत नाहीये. मीच भ्यायलेय. आई भ्यायलीय. तू एकटी भीत नाहीस, म्हणून आमचं भ्या दुप्पट झालंय."

तिने पदर सोडला. डाव्या काखेत, जुन्या व्रणाच्या वर, सुपारीएवढी गाठ होती. "सासूबाईंनी बघितली," ती म्हणाली. "त्या म्हन्ल्या, आयकडं जा. मला तवाच समाजलं. पन वाटलं, दोन वर्सं झालीत. आपोआप जिरंल."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी तिला तपासलं आणि स्वतः फोन करून पुण्याची वेळ घेतली. सुई घालून घेतलेल्या तपासणीत आजार परत आल्याचं निघालं. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, उशीर झालाय, पण हाताबाहेर गेलेलं नाही. दाजी, म्हणजे अक्काचा नवरा, तोड सोडून आले. तोवर सगळं गुपचूप ठेवायचं म्हणणाऱ्या तिच्या सासूबाईही रुग्णालयात येऊन तिच्या उशाशी बसल्या. उपचार पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालले. तिचे केस गेले. तेव्हा ती आमच्याच घरी होती आणि आमच्या कागदावर तिच्या नावापुढे पहिल्यांदाच, सासर नाही, माहेरचा पत्ता होता.

त्याच काळात भाऊ आणि मी मिळेल त्या दिवशी माहेरं शोधत फिरलो. सासरी जाऊन माहेरचं गाव विचारायचं, मग ते गाव कुणाच्याही तालुक्यात असो, तिथे जायचं. नियम बदलून घेतला. पहिल्याच घरी त्या बाईच्या आईने मला आधी पाणी दिलं, मी पिईपर्यंत थांबली आणि मग सांगितलं. पोरगी येऊन महिना झाला नव्हता तेवढ्यात वारली होती. तुमच्या माणसाला कोणी सांगितलंच नाही का, तिने विचारलं. मी तारीख विचारून लिहून घेतली.

सगळं तसंच निघालं, असंही नाही. आळेफाट्याला एकीच्या भावाचं हॉटेल होतं. मी दारातून तिचं नाव घेतलं तर कांदा चिरणारी बाईच वळली. "मीच ती. मेले न्हाय अजून, लिवून घ्या! सासूचं आन माझं वाजलं म्हनून आलेय, गाठीचा काय बी संबंध न्हाय." तिने मला चहा पाजला, भज्यांची ताटली ठेवली. मी तिथे बसून रडले. गिऱ्हाइकं बघत होती. ती म्हणाली, "आवो बाई, जिती हाय म्हनून रडताय का मेले न्हाय म्हनून?"

नवी रेघ दोन रेघांच्या मध्येच आली, खालच्या बाजूला झुकलेली. ती काढताना मी सरांनी शिकवलेली दुसरी रीत वापरली. टोकाकडे पट्टा रुंद होत गेला आणि रेघेखाली दर वर्षाला हाताशी किती, ते आकडे लिहिले. डॉक्टरबाईंनी भिंतीवरचा जुना कागद स्वतः काढला. नव्यात ठिपके होते, आकडे होते. त्यावर बोट ठेवून त्या कुणाला काही सांगत नसत. म्हणायच्या, "दर तीन महिन्यांनी ये. आणि माहेरी जाणार असलीस तर तिथला पत्ता दे."

अक्का आहे. हे लिहितेय ते २००९ साल आहे. ती पारगावलाच असते, पुण्याला वेळेवर तपासून येते. पण माझी भीती गेलेली नाही, तिची एक सवय होऊन बसली आहे. फोनवर ती "घरी येतेय" म्हणाली की माझ्या तोंडून आधी "कशाला?" निघतं. तिला ते माहीत आहे. म्हणून ती आधीच सांगते, "सनाला येतेय गं, दुसरं काय बी न्हाय." आल्यावर मी तिचा डावा हात बघते, ती मला बघताना बघते, आणि आम्ही दोघी स्वयंपाकाला लागतो.

रुग्णालयातलं ते काम बंद झालं, भाऊ निवृत्त झाले. शेवटच्या आलेखाची एक प्रत माझ्याकडे आहे. त्यावर माहेरच्या खुणांपैकी एकच खूण उरली आहे. अक्काच्या शेजारच्या खाटेवरची. घोडेगावच्या कचेरीत चौकशी केली तेव्हा कळलं, तिच्या माहेरच्या गावाची घरं दोन ठिकाणी वसवली. पहिल्या ठिकाणी मी जाऊन आले. तिच्या घरच्यांना तिथे कोणी ओळखत नव्हतं. दुसरं ठिकाण राहिलं. तिथली एसटी घोडेगावहून सकाळी सुटते, एवढं विचारून ठेवलंय.

गेल्या दिवाळीला अक्काने पुन्हा विचारलं. "सापडली का गं ती?"

"अजून नाही."

"सापडली तर मला आधी सांग." मग भांडं पुसता पुसता म्हणाली, "न्हाय, नको सांगू." आणि जरा वेळाने, "पन जाऊन तर ये तू."

जाऊन यायचं बाकी आहे.